रक्त थांबते कसे

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी सव्वीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. बारावीला मानवी प्रजननाचा पाठ बहुधा ऐन पावसाळ्यात येत असे. छपरावर पावसाचा आवाज इतका असायचा की मागच्या बाकांपर्यंत माझे बोलणे धड पोहोचत नसे, आणि त्या पाठापुरता तो आवाज मला सोयीचा वाटत असे. पुस्तकातली मासिक चक्राची आकृती मी फळ्यावर काढायची: सर्वांत वर पियुषिका ग्रंथीची संप्रेरके, त्याखाली अंडाशय, त्याखाली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या दोन रेषा, आणि अगदी तळाशी गर्भाशयाच्या अस्तराची जाड-पातळ होत जाणारी पट्टी. त्या पट्टीच्या सुरुवातीला लाल खडूने तिरप्या रेघा मारल्या की पाठ संपला, असे मी समजत होते.

एका वर्षी तास संपल्यावर एक मुलगी माझ्या टेबलाजवळ थांबली आणि इतर सगळ्या बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "टीचर, रक्त का येतं ते कळलं. पण ते थांबतं कसं?" मी सांगितले, "गोठतं ना! बोट कापल्यावर थांबतं, तसंच." तिने मान हलवली आणि ती निघून गेली. घरी जाताना बसमध्ये मला जाणवले की मी तिला चुकीचे उत्तर दिले आहे. पाळीच्या रक्तात गुठळी विरघळवणारी विकरे भरपूर असतात, म्हणून ते बहुतेक पातळच बाहेर पडते. मोठ्या गुठळ्या वारंवार पडू लागल्या, तर रक्तस्राव प्रमाणाबाहेर जात असल्याची ती खूण समजायची. बोटावरची जखम गुठळीने बंद होते, तिच्यावर खपली धरते, आणि ती खोल असली तर जन्मभराचा वण ठेवून जाते. गर्भाशयात मात्र आतला सगळा पृष्ठभाग दर महिन्याला उघडा पडतो आणि पाच-सहा दिवसांत वण न ठेवता भरून येतो. जिने हा प्रश्न विचारला, तिने मी न शिकवलेला निम्मा पाठ माझ्यापुढे ठेवला होता.

त्या निम्म्या पाठाबद्दल मला लिहायचे आहे, पण त्याआधी एका शब्दाबद्दल. आमच्याकडे बायका गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आली, पिशवी काढून टाकली. शब्द घरगुती आहे आणि त्यात मायाही आहे, तरीही तो एक चुकीचे चित्र मनात बसवतो. पिशवी म्हटले की रिकामी, लोंबणारी, कोणी काहीतरी भरेल म्हणून वाट पाहणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात गर्भधारणा न झालेले प्रौढ गर्भाशय म्हणजे उलट्या धरलेल्या नासपतीएवढा घट्ट स्नायू असतो, सुमारे 7.5 सेंटीमीटर लांब, 5 सेंटीमीटर रुंद आणि 2.5 सेंटीमीटर जाड. त्याच्या पुढच्या व मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि मध्ये असते ती केवळ एक फट. या फटीला आतून जे अस्तर असते, त्याचीच ही सगळी हकीकत आहे. वैद्यकात त्याला एन्डोमेट्रियम म्हणतात. मी साधे अस्तर म्हणेन.

या अस्तराचे दोन थर आहेत. स्नायूला चिकटलेला खालचा थर आधाराचा. तो पाळीत जात नाही. त्याच्यावरचा थर कामाचा; तो वाढतो, बदलतो आणि गळून जातो. दोहोंना रक्त पुरवणाऱ्या धमन्याही निराळ्या. खालच्या थराला आखूड, सरळ धमन्या आणि वरच्या थराला स्प्रिंगसारख्या वेटोळ्या धमन्या. ही विभागणी मुलींना समजावताना मला आमच्या घरचा माटव आठवत असे. पावसाळा संपला की अंगण नव्याने करायचे, माती चोपून शेणाने सारवायची, मेढी पुरायच्या आणि वर माडाची चुडते घालून माटव उभा करायचा. तुळशीच्या लग्नापासून चैत्रवैशाखातल्या लग्नमुंजींपर्यंत सगळे त्या माटवाखाली होणार. मग पाऊस येण्यापूर्वी माटव उतरवायचा आणि अंगण तेवढे राहायचे. कार्य झाले असो वा नसो, जुनी चुडते पुढल्या वर्षाला चालत नाहीत. उपमा एवढ्यापुरती ठीक आहे. जिथे ती तोकडी पडते, तिथे मी पुढे येईनच.

पाळी संपत येते तेव्हा अस्तर जेमतेम 1 ते 4 मिलीमीटर उरलेले असते. अंडाशयात एक पुटिका, म्हणजे अंडे धरून असलेली बारीक फुगी, वाढू लागते, तिच्यातून इस्ट्रोजेन पाझरते, आणि त्या संप्रेरकाच्या प्रभावाखाली अस्तराच्या पेशी झपाट्याने दुभंगू लागतात. अंडमोचनाच्या, म्हणजे अंडाशयातून अंडे सुटण्याच्या, सुमारास जाडी 11 मिलीमीटरपर्यंत जाऊ शकते. सोनोग्राफीच्या पडद्यावर या दिवसांत अस्तर तीन समांतर रेषांसारखे दिसते. अस्तरातल्या ग्रंथी आरंभी सरळ, अरुंद नळ्यांसारख्या असतात आणि हळूहळू नागमोडी होत जातात.

हे मी पुस्तकातून कितीही वेळा शिकवले असले, तरी डोळ्यांनी पाहिले ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. माझी पाळी तेव्हा बेभरवशाची झाली होती, कधी दोन महिने नाही, तर कधी वीस दिवस सलग. अस्तराचा तुकडा तपासणीला काढला. पॅथॉलॉजी शिकलेल्या एका मैत्रिणीने मला बोलावून माझी स्वतःची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळ्या काठाची गोल-लांबट छिद्रे होती, त्या ग्रंथी. काठावर पेशी दाटीवाटीने उभ्या होत्या आणि त्यांतली एक नेमकी दुभंगण्याच्या क्षणी थांबलेली होती, तिचे गुणसूत्रांचे दोन पुंजके दोन टोकांकडे निघालेले. मी कांद्याच्या मुळाच्या टोकातले पेशीविभाजन शेकडो मुलांना दाखवले होते. माझ्या शरीरात तेच, तितक्याच शिस्तीने चाललेले पाहून मला बोलता येईना. त्या वयात अंडमोचन होईनासे झाले होते, म्हणून प्रोजेस्टेरॉन नव्हते, आणि "वाढ थांबव" असे सांगणारे कोणी नसल्यामुळे अस्तर वाढतच राहिले होते, असे तिने मला समजावले. अशी वाढ दीर्घकाळ लगामावाचून राहिली तर पुढे कर्करोगाचाही धोका असतो. माझ्या बाबतीत गोळ्यांनी भागले.

अस्तराबरोबर गर्भाशयाचे मुखही बदलते, याकडे पुस्तके फारशी वळत नाहीत. एरवी दाट असलेला तिथला स्राव इस्ट्रोजेन चढते तसा पातळ, पारदर्शक आणि ताणला तर तार धरणारा होतो. त्याचा थेंब काचपट्टीवर वाळवला तर त्यातील मीठ स्फटिकरूप घेताना नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते. आषाढात आमच्या चिऱ्यांच्या कुंपणावर उगवतात तशीच ती पाने, मधल्या शिरेपासून दोन्हीकडे फांद्या फुटलेली. अंडमोचनानंतर प्रोजेस्टेरॉन आले की ती नक्षी नाहीशी होते. स्नायूसुद्धा स्वस्थ नसतो. अस्तराला लागून असलेल्या त्याच्या आतल्या पट्ट्यात बारीक लाटा उठत असतात. अंडमोचनाच्या आसपास त्या मुखाकडून माथ्याकडे जातात, शुक्रजंतूंच्या वाटेच्या दिशेने. नंतर त्या मंदावतात. आणि पाळीत त्यांची दिशा उलटून माथ्याकडून मुखाकडे होते. पहिले दोन दिवस ज्या कळा येतात, त्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांनी स्नायू आवळला गेल्यामुळे. मेफेनॅमिक आम्लाची किंवा आयबुप्रोफेनची गोळी ही द्रव्ये तयार होणे रोखते, म्हणूनच दुखणे थांबते. 'सोसायला शीक' हे ऐकत मोठ्या झालेल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगत असे.

अंडमोचनानंतर रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि प्रोजेस्टेरॉन वाहू लागते. आता जाडी फारशी वाढत नाही. अस्तराचा स्वभाव बदलतो. ग्रंथींच्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो, ग्रंथी करवतीच्या दातांसारख्या वळतात, त्यांतून पोषक द्रव झरू लागतो आणि वेटोळ्या धमन्या आणखी वेटाळतात. हे बदल इतके क्रमाने होतात की काचपट्टी पाहून चक्राचा दिवस सांगता येतो. नॉयेस, हर्टिग आणि रॉक या तिघांनी 1950 साली त्याची पद्धतशीर मांडणी केली. पण त्याही आधीची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1908 साली व्हिएन्नातील हिचमान आणि ॲडलर या दोघा वैद्यांनी दाखवून दिले की निरोगी स्त्रीचे अस्तर महिनाभर बदलतच असते. तोवर यातली अनेक रूपे सूज किंवा विकार म्हणून नोंदली जात आणि त्यांवर उपचारही केले जात. निरोगी बाईचा बाविसावा दिवस हा विसाव्या शतकापर्यंत आजार होता, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

अंडमोचनानंतर सहा ते दहा दिवसांच्या दरम्यान गर्भ रुजू शकेल अशी एक छोटी मुदत असते. आणि इथेच माणसाचे वेगळेपण आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत अस्तराचा शेवटचा, परतीची वाट नसलेला बदल गर्भ येऊन टेकल्यावर सुरू होतो. माणसात तो गर्भाची वाट न पाहता, चक्राच्या साधारण तेविसाव्या दिवशी वेटोळ्या धमन्यांभोवती आपणहून सुरू होतो. एकदा पेशी त्या वाटेला लागल्या की प्रोजेस्टेरॉनशिवाय त्यांना तग धरता येत नाही; म्हणून गर्भ नसेल तर तो थर सोडून द्यावा लागतो. पाळी येणारे प्राणी मोजकेच आहेत: माणूस, बरीच माकडे व वानरे, काही जातींची वटवाघळे, आफ्रिकेतली लांब नाकाची एक चिचुंद्री आणि 2017 मध्ये लक्षात आलेला एक काटेरी उंदीर. वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारायचे की मग कुत्रीचे काय? कुत्रीला रक्त दिसते ते माजावर येताना, अंडमोचनाच्या आधी. आपली पाळी येते ती अंडमोचन होऊन गेल्यावर, अस्तर सुटते म्हणून. या दोन्ही गोष्टी रक्तामुळे सारख्या वाटतात, पण त्या परस्परांच्या उलट टोकांना आहेत.

मानवी गर्भ अस्तरात फार खोल शिरतो. म्हणून ते आधीच सज्ज होते आणि येणाऱ्या गर्भाला पारखून घेते, असे अनेक संशोधक मानतात. मलाही हे पटते. 'गर्भ राहिला नाही म्हणून गर्भाशय रडते' अशा अर्थाचे जुने वाक्य मी ऐकत आले आहे, आणि ते मला कधीच आवडले नाही. महिन्यामागून महिना आपल्या तयारीने उभे राहणाऱ्या अवयवाला कोणाच्या न येण्याचे दुःख चिकटवणे हा अन्याय आहे.

पीतपिंडाचे आयुष्य सुमारे चौदा दिवसांचे. गर्भाकडून एचसीजी हे संप्रेरक आले नाही, तर तो सुकतो आणि प्रोजेस्टेरॉन घसरते. त्या घसरणीबरोबर अस्तरात दाहाची प्रक्रिया सुरू होते, पांढऱ्या पेशी गोळा होतात, ऊती विरघळवणारी विकरे मोकळी होतात आणि वेटोळ्या धमन्या आवळतात. हे प्रथम डोळ्यांनी पाहिले ते जे. ई. मार्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने. त्याने ऱ्हीसस माकडिणींच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात त्यांच्याच गर्भाशयाच्या अस्तराचे कण रुजवले आणि पारदर्शक बुबुळातून ते आठवडेच्या आठवडे न्याहाळले. 1940 साली त्याने हे प्रसिद्ध केले. त्या प्राण्यांचा विचार केला की जीव गलबलतो, आणि तरीही त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर मला तिथेच मिळाले. रक्त सगळीकडून एकदम येत नाही. एक धमनी आवळते, सैलावते, तिच्या टोकाशी थोडा वेळ रक्त येते आणि ती पुन्हा आवळून बंद होते. तोवर शेजारची सुरू झालेली असते. पाळीचे चार-पाच दिवस म्हणजे अशा असंख्य छोट्या रक्तस्रावांची एकामागून एक लागलेली पाळी. 'पाळी' या शब्दाचा आपल्या भाषेतला मूळ अर्थ क्रम, वार असाच आहे.

दुसरे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. वरचा थर एका जागी सुटत असतानाच, शेजारच्या सुटलेल्या जागी दुरुस्ती सुरू झालेली असते. आधाराच्या थरात ग्रंथींची बुडखे उरलेली असतात. त्यांच्या तोंडाशी असलेल्या पेशी पसरत जाऊन उघड्या पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतात. हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, रक्त चालू असताना घडू लागते, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत सगळा पृष्ठभाग झाकला जातो. शिवाय आरंभीच्या या दुरुस्तीला इस्ट्रोजेनची गरज लागत नाही. ते त्या वेळी अगदी कमी असते. वरून हुकूम येण्याआधीच अस्तर आपले काम हाती घेते. माटवाची उपमा इथे कमी पडते. आमच्या मेढी उपटून ठेवल्यावर पुन्हा आणून पुराव्या लागत. इथे जमिनीत राहिलेल्या बुंध्यांनाच पालवी फुटते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2004 साली या अस्तरात मूळपेशींसारख्या, पुन्हा पुन्हा वाढू शकणाऱ्या पेशी असल्याचे पुरावे दिले. याची उलट बाजूही ध्यानात घ्यावी. क्युरेटिंग करताना, ज्याला आपल्याकडे 'पिशवी धुणे' म्हणतात, आधाराचा थर फार खोलवर खरवडला गेला, तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. या विकाराला 1948 साली त्याचे वर्णन करणाऱ्या ॲशरमन यांचे नाव मिळाले आहे. सगळे अवलंबून आहे ते त्या न गळणाऱ्या पातळ थरावर.

एका पाळीत जाणारे रक्त सरासरी 30 ते 40 मिलिलीटर असते, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. 80 मिलिलीटरच्या पुढे गेले तर ते जास्त. त्याच्या सोबत ऊतींचे कण आणि ग्रंथींचा द्रव असतो. माझी आजी त्याला 'घाण रक्त' म्हणायची. शरीरातली घाण महिन्याला बाहेर पडते, पडू द्यावी, अशी तिची समजूत होती. वास्तविक ते आदल्या दोन आठवड्यांत गर्भासाठी रचलेले, शरीरातल्या सर्वांत काळजीपूर्वक तयार झालेल्या ऊतींपैकी एक असते. आजी तीन दिवस बाहेर बसायची, चौथ्या दिवशी न्हायची. तेवढीच बायकांना विश्रांती मिळायची, असे हल्ली म्हटले जाते. मी जे पाहिले ते वेगळे होते. घरात शिवायचे नाही म्हणून बाहेरची सगळी कामे त्या तीन दिवसांत तिच्या वाट्याला यायची, लाकडे फोडणे, गवत काढणे, सुपाऱ्या सोलणे. चौथ्या दिवसाचे न्हाणे आणि अस्तर झाकले जाण्याचा काळ जवळपास जुळतात, म्हणून पूर्वजांना सारे ठाऊक होते असेही मी म्हणणार नाही. रक्त ओसरले की न्हायचे, एवढेच ते असावे. आजीची नऊ बाळंतपणे झाली आणि प्रत्येक मूल तिने दीर्घकाळ अंगावर पाजले, त्यामुळे तिच्या आयुष्यात पाळ्या थोड्याच आल्या असणार. माझ्या वाट्याला चारशेच्या आसपास आल्या.

आमच्या गावी सातेरीच्या देवळात मूर्तीच्या जागी रोयण आहे, मातीचे वारूळ, जिवंत समजून पुजलेले. ज्या जागेत ते आहे तिला आपण गाभारा म्हणतो आणि तो शब्द आला आहे 'गर्भागार' यातून. पाळीतल्या बाईने तिथे जायचे नाही, हा नियम मी लहानपणी प्रश्न न विचारता पाळला. आज विचारते, आणि ज्यांना विचारते त्यांच्याकडे उत्तर नसते.

माझी पाळी जाऊन आता बरीच वर्षे झाली. मागच्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी 3 मिलीमीटर निघाली. या वयात ते असेच पातळ असायला हवे. पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासून घ्यायलाच हवे. आधाराचा थर मात्र अजून आहे. बाहेरून संप्रेरके दिली तर या वयातही त्यावर नवे अस्तर वाढू शकते.

निवृत्त होण्याच्या शेवटच्या वर्षी मी ती आकृती फळ्यावर वेगळी काढली. तळाच्या पट्टीवर नेहमीसारख्या लाल रेघा मारल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावरूनच हिरवी रेघ ओढायला सुरुवात केली, पाचव्या दिवशी लाल संपेपर्यंत दोन्ही रंग एकमेकांवर राहतील अशी. एका मुलीने हात वर केला. "टीचर, दुरुस्ती आधीच सुरू होते, तर मग रक्ताचाच दिवस पहिला का धरायचा?" मी सांगितले, कारण या सगळ्या चक्रात बाहेरून दिसणारा तेवढाच दिवस आहे. तिने वहीत लाल रेघांखाली '1' लिहिले आणि हिरवी रेघ काढण्यासाठी शेजारणीकडे पेन मागितले.